तुम्हाला न सांगितलेली चिठ्ठी

तांबोळी मॅडम,

तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मी दौंडला आले होते. नेहमीच्याच गाडीनं, आणि हातात ब्लाऊजपीसची तीच पिशवी. न्हावरा मागे पडल्यावर माझं मांडीवरच्या पिशवीकडे लक्ष गेलं आणि मला माझाच राग आला. आज ही कशाला आणली? पण अडीच वर्षांची सवय. घरातून निघताना हात आपोआप खुंटीकडे गेला होता.

तुमच्या घरी तिसऱ्या दिवसाची जियारत, तुमच्यासाठीची दुआ, चालू होती. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या, मीही एका कोपऱ्यात टेकले. तुमच्या कुठल्याशा नणंदेनं माझ्या शेजारच्या बाईला विचारलं, "तुम्ही आपांना कशा ओळखता?" ती बाई जरा अडखळली आणि म्हणाली, "ब्लाऊज शिवायला टाकायचे ना मी." तिच्या पलीकडची म्हणाली, "मीपण." दाराजवळ बसलेली एक म्हातारी, नऊवारीतली, तीही म्हणाली, "आमीबी ब्लाऊजच." नणंद बिचारी बघतच राहिली. तुमच्या भावाच्या, गफूरमामांच्या शिलाईच्या दुकानात जेवढे ब्लाऊज शिवले गेले नसतील, तेवढ्या बायका तुमच्यासाठी तिथे बसल्या होत्या. आम्ही चौघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मला इतक्या दुःखात हसू आलं. मग रडू आलं ते काही आवरेना.

तुमच्या भावाच्या दुकानामागची ती खोली आम्हाला लाभली म्हणून आमच्यासारख्या तुमच्यापर्यंत पोचू शकल्या. मनाच्या डॉक्टरकडे चाललेय म्हटलं असतं तर गावानं दुसऱ्या दिवशी वेडी ठरवलं असतं. शिलाईला चाललेय म्हटलं की कुणाचं काही म्हणणं नसतं. ही युक्ती तुमची की मामांची, ते विचारायचं राहूनच गेलं.

मॅडम, मला तुमचा रागही आलाय. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुम्हीच शिकवलंत की आलेला राग आधी आला म्हणून म्हणावा. तर आलाय. त्या शेवटच्या गुरुवारी उठता उठता मी तुम्हाला म्हणाले, "मला एक सांगायचंय. पुढच्या गुरुवारी सांगते." तुम्ही म्हणालात, "आज का नाही?" मी म्हणाले, "गाडी चुकेल." गाडीला अजून अर्धा तास होता, आणि दौंडच्या गाड्यांचं वेळापत्रक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ. तरी तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं. मग पुढच्या गुरुवारी पहिलं तेच." आणि मंगळवारी तुम्ही गेलात. मामांचा फोन आला तेव्हा मी सणसवाडीला कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर होते. पट्ट्यावरून खोकी येत होती आणि मी एकही उचलत नव्हते.

ते सांगायचं राहिलेलं आता इथे लिहितेय. पण त्या आधीचंही थोडं लिहू द्या. तुम्ही म्हणाल ही नेहमीसारखं ताकाला जाऊन भांडं लपवतेय. खरंय तुमचं. तरी लिहू द्या.

मी पहिल्यांदा आले तेव्हा महाराजांचा दरबार सोडून मला चार महिने झाले होते. अकरा वर्षं मी तिथे सेवेकरी होते. नवरा गेल्यावर शेजारणीनं मला तिथे नेलं, आणि मग मी तिथलीच झाले. महाराजांच्या हुकमावाचून मी केस कापले नाहीत, चप्पल घेतली नाही. आई तुझ्या वाटेतला अडथळा आहे असं त्यांनी सांगितलं, तेव्हा शिरूरच्या शिवारात एका हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माझ्या आईशी मी तीन वर्षं बोलले नाही. सुटून बाहेर आले तरी कुणी मोठ्यानं नाव पुकारलं की माझे हातपाय गार पडत. कंपनीत सुपरवायझरनं एकदा लांबून हाक मारली आणि मी जागेवरच कोसळले. कंपनीतल्या सिस्टरनं तुमचा नंबर दिला.

आणि तुमच्याकडे येताना मी काय आणलं, आठवतंय? नारळ, हार आणि पावशेर पेढे. खोलीत शिरले, पदर डोक्यावर घेतला आणि तुमच्या पायाला हात लावायला वाकले. तुम्ही दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतलेत. साठीतली बाई खुर्चीवर मांडी घालून बसलीय आणि मी खाली फरशीवर तिचे पाय शोधतेय! तुम्ही वरून म्हणालात, "शोभाताई, खाली कचरा आहे, वर बसा." नारळ तुम्ही तिथेच फोडलात आणि आपण दोघींनी पेढ्यांबरोबर खोबरं खाल्लं. मला वाटलं होतं तुम्ही तो कुठल्या तरी फोटोपुढे ठेवाल.

पण एवढ्यानं मी कुठली सुधारायला. पुढचे सहा महिने मी तुम्हालाच महाराज करून टाकलं. भाजी कुठली करू, एवढं सोडून बाकी सगळं फोनवर विचारायचे. केस कापू का? तुम्ही म्हणालात, "डोकं तुमचं, केस तुमचे, मी मधे कुठून आले?" मी म्हणाले, "तुम्ही हो म्हणा ना फक्त." तुम्ही नाही म्हणाला नाहीत, हो पण म्हणाला नाहीत. दोन दिवस मी तुमच्यावर धुमसत होते. मग एका दुपारी आईच्या कात्रीनं मीच कापले, आणि असे कापले की कंपनीतल्या पोरी हसल्या. तुम्हीही हसलात. म्हणालात, "वाईट कापलेत. पण तुम्ही कापलेत." ज्यानं हुकूम सोडले त्याच्यापासून माणूस एका दिवसात सुटतं, हुकमाची सवय मात्र सावकाश जाते, असं तुम्ही एकदा बोलला होतात. मला ते त्या दिवशी पटलं.

दुसऱ्याच भेटीतलं ते लोबानचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. थंडीचे दिवस होते, लवकर अंधारून आलं होतं. गुरुवारी तिन्हीसांजेला दुकानात लोबान फिरवायची तुमच्या घरची रीत, मामांनी नेहमीसारखा तो पेटवला आणि धूर पडद्यातून आत आला. दरबारातही असाच धूप फिरायचा. धूप फिरला की महाराजांच्या अंगात यायचं, आणि मग नावं पुकारली जायची. मी खुर्चीवरून घसरून भिंतीला टेकले आणि कान झाकून घेतले. तुम्ही मला हात लावला नाहीत. थोडं अंतर ठेवून तुम्हीही खाली बसलात आणि विचारलंत, "खिडकी उघडू?" मी मान हलवल्यावरच उठलात. माझा श्वास जागेवर आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "चूक माझी झाली. मी आधी विचारायला हवं होतं. माफ करा."

माझ्यापेक्षा मोठ्या माणसानं माझी माफी मागितलेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. मला कसं वागावं कळेना, म्हणून मीच तुमची माफी मागायला लागले. त्यानंतर माझी गाडी सुटेपर्यंत मामा लोबान पेटवत नसत. जियारतीच्या दिवशी ते मला म्हणाले, "ताई, आमची आपा मला गुरुवारी दहा वेळा बजावायची, ताई गेल्याशिवाय नाही हां." आणि मग डोळे पुसत आत गेले.

माझी आई तुम्हाला बघायला आली होती, ती दुपार मी जपून ठेवलीय. आमची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन हिंडणारी, आता शेतीत स्थिरावलेली, पण आईचा संशयी स्वभाव काही स्थिरावलेला नाही. तिनं तुमची खोली, पंखा, टेबल सगळं न्याहाळलं आणि विचारलं, "दवा न्हाई, गोळी न्हाई, सुई न्हाई. नुसतं बोलनं? आन् त्येनं बरं वाटतंय व्हय हिला?"

"मी तर बोलतपण नाही मावशी, नुसतं ऐकते," तुम्ही म्हणालात.

"आन् तुमी मुसलमान. आमच्या बिरुबाचं तुमाला काय कळनार?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तुम्ही हसून म्हणालात, "माझ्या अल्लाचंच मला कुठं सगळं कळतंय, मावशी."

 आईनं पिशवीतून शेंगा काढून तुमच्या टेबलावर ओतल्या आणि परतीच्या गाडीत ती मला म्हणाली, "बाई खरं बोलती. त्यो तुझा म्हाराज कवा म्हनला का, मला कळत न्हाई म्हनून?" खरंच, मॅडम, अकरा वर्षांत त्या माणसानं एकदाही 'मला माहीत नाही' असं म्हटलं नव्हतं. त्याला सगळं ठाऊक असायचं. ते कसं ठाऊक असायचं, तिकडेच मी आता येतेय.

त्याआधी आपलं ते भांडण, जे कधी मिटलंच नाही. तुमच्या तोंडून त्याला एक शिवी ऐकायची माझी फार इच्छा होती. मी तुम्हाला सगळं सांगायची, त्यानं मला भर दरबारात चार तास कसं उभं केलं, आईबद्दल काय काय बोलायला लावलं, आणि मग तुमच्या तोंडाकडे बघत बसायची. एकदा तर मी चिडून म्हणाले, "एक शिवी द्या ना, मॅडम! साधी. हरामखोर म्हणा." तुम्ही म्हणालात, "मी दिली तर तुमची वाया जाईल." मला ते तेव्हा नुसतं चातुर्य वाटलं आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. माणसानं कधी कधी आपल्या बाजूनं उघड उभं राहावं, असं मला वाटतं. तुम्ही होतात माझ्या बाजूनं, ते मला माहीत आहे. तरी एक शिवी दिली असती तर काय बिघडलं असतं?

आता ते सांगते.

दरबारात माझी सेवा रांगेत होती. माझं अक्षर चांगलं आणि बोलणं गोड, म्हणून मला ती मिळाली. लांबून लांबून बायका यायच्या, दोन-दोन तास मंडपात बसायच्या. मी त्यांना पाणी द्यायची, लेकराला सावलीत घ्यायची, शेजारी टेकायची आणि म्हणायची, "काय गं बाई, काय दुखतंय?" बाया सांगायच्या. उन्हातान्हात कुणी पाणी दिलं की माणूस सगळं सांगतं. मग मी मागच्या खोलीत जाऊन चिठ्ठी लिहायची, हिरव्या साडीतली, पाथर्डीकडची, नवऱ्याचं बाहेर आहे. चिठ्ठी आत जायची. तासाभरानं महाराज डोळे मिटून घुमायला लागायचे आणि म्हणायचे, पाथर्डीकडून एक माउली आलीय, तिच्या घरात परक्या बाईची सावली आहे. बाई धाडकन पायावर पडायची.

तुम्ही विचाराल, तुम्हाला त्यातली लबाडी कळत नव्हती का? नाही कळली, मॅडम. पहिल्या दिवशी मोठ्या सेवेकरी बाईनं मला समजावलं होतं, "महाराजांना सगळं दिसतंच. पण दिसायला त्यांना फार ताण पडतो, रक्त आटतं त्यांचं. आपण आधी थोडं सांगून ठेवलं की त्यांचा त्रास वाचतो." मला ते इतकं पटलं! मला वाटायचं मी देवाच्या कामातलं ओझं हलकं करतेय. संध्याकाळी घरी जाताना मला पुण्य लागल्यासारखं वाटायचं. आपल्याच मूर्खपणावर हसावं म्हटलं तर हसू येत नाही, कारण त्या मूर्खपणाची किंमत दुसऱ्या बायकांनी मोजली.

त्यातली एक मंगल. यवतची. तिचा चार वर्षांचा मुलगा शेततळ्यात गेला होता. तळ्याच्या काठाला प्लॅस्टिकचा कागद असतो, पोरं घसरली की वर येत नाहीत. मी पाण्याचा तांब्या दिला आणि शेजारी बसले. तिनं जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं. पोरगं खेळत होतं तेव्हा ती बांधावर उभी राहून माहेरी आईशी फोनवर बोलत होती. "ताई, दहा मिनटं. जास्त न्हाई. दहाच मिनटं माझी पाठ व्हती." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग उठले, मागे गेले आणि चिठ्ठी लिहिली.

महाराजांनी भर दरबारात तिला पुकारलं आणि सगळ्यांसमोर, तिच्या नवऱ्यासमोर विचारलं, "पोर बुडत होतं तेव्हा तू फोनवर कुणाशी बोलत होतीस?" ती किंचाळली नाही की पडलीही नाही. नवऱ्याकडे बघत उभी राहिली. आणि नवरा तिच्याकडे बघत मागे मागे सरकत गेला. तो चेहरा मी विसरू शकत नाही. तरीही, मॅडम, मी दुसऱ्या गुरुवारी परत रांगेत पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते.

मी दरबार का सोडला, ते तुम्ही मला एकदा विचारलं होतं. मी म्हणाले, एक दिवस मन उठलं. तुम्ही म्हणालात, "मन असं एकाएकी उठतं का?" आणि मग तुम्ही तो विषय सोडून दिलात. मन उठलं नव्हतं. एक दिवस आत चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. महाराजांनी एकीच्या नावानं दुसरीचं सांगितलं. करंजावण्याच्या एका गरीब म्हातारीला पुकारलं आणि म्हणाले, तू सुनेच्या जेवणात काहीतरी कालवलंस. ते होतं तिच्या मागच्या बाईचं.  मी वाट बघत होते की म्हातारी म्हणेल, नाही महाराज, माझ्याकडून असं झालं नाही. आणि ती हात जोडून म्हणाली, "व्हय म्हाराज. केलं आसंल म्या." जे पाप तिनं केलंच नव्हतं ते तिनं सगळ्यांपुढे कबूल केलं, कारण देव खोटं कसं बोलेल? मी हातातला तांब्या तिथेच ठेवला आणि चालायला लागले. शिरूरपर्यंत चालत आले.

हे सगळं मी तुमच्यापासून लपवलं. तुमच्यापुढे मी सोसणारीच राहिले. सोसलंही, ते खोटं नाही. पण मी सोसणारी होते तशी सोसायला लावणारीही होते, आणि या दोन बायका मला एका खुर्चीवर बसवता येईनात. शिवाय, खरं सांगू? तुम्ही माझ्या शेजारी बसून ऐकायचात आणि ते तुमच्या खोलीबाहेर कधी जायचं नाही. मीही बायकांच्या शेजारी बसूनच ऐकलं होतं. तुम्हाला हे सांगितलं तर तुमच्या नजरेत मी कोण होईन, या भीतीनं माझं तोंड शिवलं जायचं. तुम्ही मला 'धाडसी बाई' म्हणायचात. ते नाव हातचं जाऊ नये, एवढा माझा स्वार्थ.

शिरूरहून तुमच्याकडे येताना चौफुल्याला उतरून मला गाडी बदलावी लागे. तिथून दौंड एकीकडे आणि यवत दुसरीकडे. यवत तर अगदी जवळ, सहा आसनी गाड्या सारख्या ओरडत असतात, यवत यवत यवत. अडीच वर्षं मी दर गुरुवारी तो आवाज ऐकला आणि तुमच्याकडच्या गाडीत चढले. तुमच्याकडे येणं मला जड जायचं असं मी म्हणायचे ना, तेवढं जड ते कधीच नव्हतं.

जियारतीनंतरच्या गुरुवारी, म्हणजे परवा, मी यवतच्या गाडीत बसले.

मंगल कुठे असते ते मला बरेच दिवस माहीत होतं. हायवेच्या एका ढाब्यामागे ती भाकऱ्या थापते. दुपारचे तीन वाजून गेले होते, गिऱ्हाईक ओसरलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये ती चुलीपुढे एकटीच होती. मला बघून चटकन उठली, पिठाचे हात पुसले आणि वाकून माझ्या पायाला हात लावला.

"ताई, तुमी? दरबारातल्या ताई ना? कवा आलात? बसा, पानी देती."

मी पाणी घेतलं नाही. तिच्या हातून पाणी प्यायचं तोंड मला नव्हतं. मी विचारलं, "अजून जातेस का गं तिकडे?"

"जाती की. दर आमुशाला. न जाऊन कसं चालंल?" ती परत खाली बसली आणि परातीतलं पीठ मळायला लागली. "त्या दिशी देवानं समद्यांम्होरं सांगितलं, तवाच मला कळलं. त्यो वरनं बघत व्हता, ताई. माझं पोरगं तळ्यात जाताना त्यो बघत व्हता, आन् माझ्या हातातला फोनबी बघत व्हता. बघून त्यानं हात न्हाई दिला. म्हंजी माझ्यावरच राग आसंल त्येचा. आता त्यो राग जाईस्तवर जायाचं."

सहा वर्षं ती हे मनात घेऊन भाकऱ्या थापतेय. मला वाटलं होतं मी आधी थोडी प्रस्तावना करेन, दरबाराचं कसं चालायचं ते समजावेन. काही सुचलं नाही. मी म्हणाले, "मंगल, देवानं नाही सांगितलं. मी सांगितलं. तू मला रांगेत बोललीस ना, ते मी चिठ्ठीवर लिहून आत दिलं."

तिचे हात परातीत थांबले. तव्यावरच्या भाकरीचा वास यायला लागला तरी तिनं ती उलटली नाही.

"चिठ्ठी?"

"हो."

"काय लिवलं व्हतं?"

"मंगल, ते..."

"काय लिवलं व्हतं त्ये सांगा."

मला ते अक्षरन् अक्षर पाठ आहे. मी म्हणाले, "निळं लुगडं, यवत. मुलगा शेततळं. आई फोनवर."

तिनं ते शब्द हळूच पुन्हा म्हटले. मी जाताना मनाची तयारी केली होती की ती मला मारेल. कदाचित त्यासाठीच गेले होते, एक मार खाल्ला की मोकळी होईन म्हणून. तिनं मारलं नाही. करपलेली भाकरी बोटांनी उचलून तिनं बाजूला टाकली आणि म्हणाली, "म्हंजी देवाला काय म्हाईतच नव्हतं?"

"देवाचं मला माहीत नाही. त्या माणसाला माहीत नव्हतं."

 बाहेर ट्रक थांबला, कुणी हिंदीत चहा मागितला, ट्रक गेला. मग मान वर न करता मंगल म्हणाली, "आमचे मालक सहा वर्सं माझ्याशी बोलले न्हाईत. पोरीला म्हनत्यात, तुज्या आईला सांग, पानी ठेव. म्या फोनवर व्हते, त्ये खरंच हाय. पर त्ये मी सांगनार व्हते त्यास्नी. माझ्या तोंडानं. थोडं दिस जाऊ द्यावं, मंग सांगावं म्हनत व्हते. रडून सांगितलं असतं, त्येबी रडलं असतं. तू त्येच काढून घेतलंस माझं."

मी केलेलं नेमकं काय होतं, ते मला तोवर कळलंच नव्हतं, मॅडम. मला वाटत होतं मी फक्त तिचं गुपित फोडलं. तिच्या नवऱ्यापुढे जे तिला तिच्या वेळेला, तिच्या शब्दांत बोलायचं होतं, ते मी सहा-सात शब्दांत लिहून एका लबाडाच्या हातात दिलं. तुमच्याकडे बसून मी अडीच वर्षं माझं बोलणं परत मिळवत होते आणि तिचं माझ्याकडेच अडकलेलं होतं. हे तुम्हाला सांगून मी मोकळी झालेही असते, पण तिला त्याचा काय उपयोग होता? तुम्हाला कदाचित हे आधीच दिसलं असतं. कदाचित नसतंही. तुमच्या तोंडी मी वाक्य घालणार नाही, तुम्ही माझ्या तोंडी कधी घातलं नाहीत.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ दे." एवढंच. ते मी बरोबर घेऊन आले, कारण दुसरं काही मिळायचा मला हक्क नव्हता. मी उठले तेव्हा तिनं पाठीमागून हाक मारली.

"रविवारी मालक घरी असत्यात. ये. त्यांच्याम्होरं बोल."

मी येते म्हणाले. तिनं नवा गोळा घेतला आणि थापायला लागली, मी असले-नसले तरी तिला सारखंच होतं.

आज शनिवार आहे, मॅडम. सकाळपासून मी ते जुळवतेय, त्या माणसापुढे उभं राहून पहिलं काय बोलायचं. वहीत लिहिलं, खोडलं. चार पानं झाली आणि शेवटी एकच ओळ उरली, 'दादा, त्या दिवशी देव बोलला नव्हता, मी चिठ्ठी लिहिली होती.' त्यापुढे मला एक शब्द बोलायचा नाही. त्याच्या पुढचं मंगलचं आहे, ते मंगल बोलेल.